नाम माय लाय: थायलंडमध्ये नळ कोरडा पडतो तेव्हा

मी सोलापूरची. पाणी न येणं मला नवीन नाही, असा माझा ठाम समज होता. घरात पिंपं, हंडे, कळश्या आणि नळाची पाळी यांतच लहानपण गेलं. पाळीला रात्री दोन वाजता नळ आला तरी गल्ली जागी असायची. त्यामुळे चिआंग मायबाहेरच्या भाड्याच्या घरात पहिल्याच एप्रिलमध्ये नळातून नुसती सुस्स करून हवा आली, तेव्हा मी निवांत होते. येईल संध्याकाळपर्यंत! आलं सहाव्या दिवशी. त्यात नेमकं सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवायचा सण. रस्त्यावर लोक पिकअपच्या हौद्यात पिंपं ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला चिंब भिजवतायत आणि घरात आम्ही चौघं तीन बादल्यांवर.

माझं चुकलं कुठे? आपल्याकडच्या टंचाईला वेळापत्रक असतं आणि घरं त्या वेळापत्रकाला धरूनच बांधलेली असतात: खाली हौद, वर टाकी, न्हाणीत पिंप. इथं पाणी एरवी चोवीस तास असतं, म्हणून कितीतरी नव्या घरांत साठवणच नाही. आणि एकदा गेलं की येण्याची पाळी वगैरे काही नसते. म्हणून ‘किती तासांनी येईल’ हा प्रश्न डोक्यातून काढून टाका आणि ‘घरात आत्ता किती लिटर आहे’ हा धरा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय.

पहिली दहा मिनिटं: पाणी सगळ्यांचं गेलंय की आपलंच?

स्वयंपाकघरातला नळ सोडून बाहेर मीटरपाशी जा. मीटरजवळचा, म्हणजे पंपाच्या आधीचा नळ उघडा. तिथं धार चांगली असेल तर दोष तुमच्या पंपात किंवा विजेत आहे. मग प्लंबर बोलवा, त्याला इथं ‘चांग प्रपा’ म्हणतात. तिथंही कोरडं असेल तर शेजारी विचारा. शेजाऱ्याकडे पाणी असेल तर थकलेलं बिल आठवून बघा. भाड्याच्या घरात बिल अनेकदा मालकाच्या नावाने येतं, गेटच्या पेटीत पडून राहतं, आणि थकलं की मीटर बंद करून जातात. मीटरजवळची चावी कोणी फिरवली आहे का, तेही पाहा.

पाणी सगळ्यांचंच गेलंय हे कळलं की तीन गोष्टी करा, आणि याच क्रमाने.

पंपाचा ब्रेकर पाडा. इथले घरगुती पंप आपोआप सुरू होणारे असतात. पाइपातला दाब उतरला की चालू होतात, आणि पाणीच नसेल तर कोरडे घरघरत राहतात. त्यात आधी सील जातं, मग मोटर. सहा दिवसांच्या पाण्यापेक्षा पंपाची दुरुस्ती महाग पडते.

न्हाणीतल्या इलेक्ट्रिक हीटरचा ब्रेकरही पाडा.

आणि घरातला एकेक नळ हाताने फिरवून बंद झालाय याची खात्री करा. आला की कळावं म्हणून मी सिंकचा नळ उघडा ठेवून झोपले होते. पाणी आलं पहाटे साडेतीनला, आणि सिंकच्या भोकावर ताटली पडलेली होती. सहा दिवस थेंबाथेंबाला जपलेल्या घरात सकाळी घोट्याएवढं पाणी! आपल्या गल्लीत कोणीतरी ओरडून उठवतं, इथं कोणी ओरडत नाही.

विचारायचं कोणाला

नळाच्या पाण्याला थाई भाषेत ‘नाम प्रपा’ म्हणतात. नाम म्हणजे पाणी. प्रपा हा शब्द मात्र थेट संस्कृतातला आहे. प्रपा म्हणजे पाणपोई. बँकॉकची पाणीयोजना १९१४ साली सुरू झाली तेव्हापासून तिला हेच नाव आहे. आपण ज्या शब्दाने वाटसरूंसाठी रांजण ठेवायचो, त्या शब्दाखाली इथं आख्खं पाणीपुरवठा खातं चालतं, ही गंमत मला कोरड्या नळापुढे उभं असतानाही आवडली होती.

खाती दोन आहेत. बँकॉक, नोन्थाबुरी आणि समुत प्राकान इथं ‘प्रपा नाखोन लुआंग’ (महानगराची प्रपा), क्रमांक ११२५. बाकी सगळ्या प्रांतांत ‘प्रपा सुआन फुमिफाक’, क्रमांक १६६२. यातलं फुमिफाक म्हणजे आपलं भूमिभाग. दोन्ही क्रमांक चोवीस तास चालतात. बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा, आणि थाई येत नसेल तर शेजाऱ्याच्या हातात फोन द्या, काम लवकर होतं.

पण तुमचं पाणी या दोघांपैकी कोणाचं नसूही शकतं. खेड्यात ‘प्रपा मूबान’ असते, म्हणजे गावाची स्वतःची योजना, बहुधा बोअरवरची. तिचा मालक म्हणजे गाव, आणि विचारायचं गावप्रमुखाला. त्याला ‘फू याय बान’ म्हणतात. बंगल्यांच्या कॉलनीत किंवा कॉन्डोत व्यवस्थापनाचं ऑफिस असतं, त्याला ‘नितिबुक्खोन’ म्हणतात. आमच्या कॉलनीच्या ऑफिसात चौथ्या दिवशी कळलं की सूचना आठवडाभर आधीच लागली होती, फलकावर आणि ‘लाइन’च्या (व्हॉट्सॲपसारखं इथलं ॲप) ग्रुपमध्ये. मी त्या ग्रुपमध्येच नव्हते. नवीन घरात सामान लावण्याआधी कॉलनीच्या लाइन ग्रुपमध्ये शिरा. थाई लिपीतल्या सूचनेचा फोटो काढून फोनवर भाषांतर करून घेता येतं. त्यात तारीख आणि वेळ दिसली की पुरे. इथं दुरुस्तीसाठीची बंदी बहुधा रात्री ठेवतात, हेही लक्षात ठेवा.

तीन वाक्यं पाठ करा. ‘नाम माय लाय’: पाणी येत नाही. (इथं माय म्हणजे नाही, आईला हाक मारल्यासारखं वाटलं तरी.) ‘नाम लाय ऑन’: धार बारीक आहे. ‘नाम जा मा की मोंग’: पाणी किती वाजता येणार. शेवटी बाईने ‘खा’ आणि पुरुषाने ‘ख्राप’ जोडायचं, नाहीतर तक्रार उद्धट वाटते. आवाज चढवू नका. आपल्याकडे पालिकेत जाऊन भांडलं की टँकर लवकर येतो, इथं भांडलं की समोरचा हसून गप्प बसतो.

घरात किती आहे ते मोजा

दुकानाकडे धावण्याआधी घर हिंडा. फिल्टरची टाकी, किटली, फ्रिजमधल्या बाटल्या, संडासची टाकी (फ्लशसाठीच), बर्फाचे ट्रे. सगळ्याचा लिटरमध्ये बेरजेचा कागद फ्रिजवर लावा. आमच्याकडे त्या दिवशी ४१ लिटर निघालं.

काटकसरीत माणशी रोज २५ ते ३० लिटर धरा: पिणं आणि स्वयंपाक मिळून पाच, अंगाला आणि हात-तोंड धुवायला दहा, उरलेलं संडास आणि भांड्यांना. म्हणजे चौघांच्या घराला पाच दिवसांना ५०० ते ६०० लिटर. हा आकडा पाहून घाबरायला होतं, पण यातलं पिण्यायोग्य हवं ते फक्त १०० लिटर. बाकीचं नुसतं स्वच्छ दिसलं तरी चालतं. हे दोन प्रकारचं पाणी पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, तांब्यासुद्धा वेगळा. घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांना हे नीट दाखवून सांगा.

पिण्याचं

बहुतेक थाई माणसं एरवीही नळाचं पाणी पीत नाहीत. २० लिटरचे परतीचे जार घरपोच देणारा कोणीतरी प्रत्येक गल्लीत असतो. पाणी गेलं की सगळे त्यालाच फोन करतात, म्हणून दुपारची वाट पाहू नका, सकाळीच करा. नाक्यानाक्यावर नाणी टाकून पाणी भरायची यंत्रं असतात, स्वस्त आणि सोयीची. पण त्यात एक मेख आहे: त्या यंत्रांना पाणी त्याच पाइपातून येतं. दुसऱ्या दिवशी मी दोन जार घेऊन गेले तर यंत्रही कोरडं. तेव्हा दूरच्या, दुसऱ्या लाइनवरच्या यंत्राकडे जा, नाहीतर सीलबंद बाटल्या घ्या. दुकानात बाटल्या संपल्या तर बर्फाची पिशवी बघा. मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ सगळीकडे मिळतो, तो पिण्यासाठीच बनवलेला असतो. पातेल्यात वितळवून आम्ही त्याचा चहासुद्धा केला.

बाटल्यांवर किती विसंबायचं? २०११ च्या महापुरात बँकॉकच्या दुकानांतून सीलबंद पाणी दिसेनासं झालं होतं. म्हणून कपाटाखाली सहा बाटल्यांचे दोन-तीन गठ्ठे कायमचे ठेवा आणि जुने आधी वापरत राहा.

दुसऱ्याकडून आणलेलं पाणी प्यायचंच झालं तर उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. गॅस संपत आला असेल तर साधं ब्लीच चालतं. ब्लीचला इथं सगळे ‘हायटर’च म्हणतात. पांढऱ्या कपड्यांसाठीचं, बिनवासाचं, ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलंच घ्या. रंगीत कपड्यांचं नको. स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ थेंब, ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा.

गढूळ पाण्याला आधी तुरटी फिरवा. तुरटी इथं बाजारात सहज मिळते, ‘सान सोम’ म्हणून मागा. थाई आज्या रांजणात ती आपल्यासारखीच फिरवतात. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. वरचं निवळ पाणी ओतून घेऊन मगच उकळा.

खारट पाण्याला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. २०२० च्या सुरुवातीला दुष्काळात समुद्राचं पाणी चाओ फ्राया नदीत वर चढलं आणि बँकॉकच्या नळाला खारं पाणी आलं. ते उकळून आणखी खारट होतं. अशा वेळी रक्तदाबवाल्यांनी आणि किडनीच्या रुग्णांनी जारचंच पाणी प्यावं.

संडास, आंघोळ, भांडी

पाणी सर्वांत जास्त खातो तो संडास, आणि नवखी माणसं सगळ्यात जास्त इथंच गडबडतात. फ्लशची टाकी भरत बसू नका. पाच-सहा लिटरची बादली उंचावरून एका दमात भांड्यात ओता. थोडं थोडं ओतलं तर काही पुढे सरकत नाही. लघवीनंतर दर वेळी ओतायची गरज नाही, चार जणांनी मिळून ठरवून घ्या. थाई संडासातला फवारा पाणी नसताना नुसता शोभेचा असतो, त्याऐवजी टमरेल आपल्याला जन्मापासून येतं. थाई लोक त्याच कामाला ‘खान’ वापरतात, छोटा वाडगा. वीस-तीस बाथला (बाथ हे इथलं चलन) प्लास्टिकचा मिळतो.

तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांड्यांचं शेवटचं विसळण, सगळं एका बादलीत आणि तिथून संडासात. एसीच्या नळीखालीही बादली लावा. पावसाळ्याच्या दमट हवेत ती रात्रीत भरते. एप्रिलच्या कोरड्या हवेत चिआंग मायला तळच ओला होतो, तेव्हा फार आशा धरू नका.

आंघोळ पाच लिटरची. आधी ओल्या पंच्याने अंग पुसून घ्या, साबण फक्त काखा, जांघा, पाय. डोकं धुवायचं असेल तर न्हावीकाम करणाऱ्या दुकानात जा. इथं केस धुऊन देण्याची दुकानं जागोजागी आहेत आणि स्वस्त आहेत. दुसऱ्या भागातला जलतरण तलाव किंवा जिम एका दिवसाच्या पैशांत शॉवर देतो. चौथ्या दिवशी आम्ही गावातल्या एका साध्या हॉटेलात एक खोली घेतली, चौघांनी आंघोळी केल्या, बादलीत कपडे धुतले आणि गाडीतून ६० लिटर पाणी भरून आणलं. खोलीचं भाडं मला तोपर्यंत उधळपट्टी वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं.

स्वयंपाक कुकरचा. वरण-भात एकाच कुकरमध्ये, नाहीतर खिचडी, दही, लोणचं. पोळ्यांची परात धुवायला दोन लिटर लागतात, म्हणून पोळ्या बंद. बाजारात केळीची पानं जुडीने मिळतात. ताटांऐवजी ती वापरली आणि धाकट्याला रोज सत्यनारायण असल्यासारखं वाटलं. हिरवी पालेभाजी टाळा, ती धुण्यातच बादली जाते. काकडी, गाजर, कलिंगड सोलून खा.

पोट बिघडतं ते बहुधा हात नीट न धुतल्यामुळे. संडासाबाहेर नळाची तोटी असलेला एक छोटा डबा आणि साबण ठेवा, हे पाणी कशासाठीही कापू नका. ओआरएसची पाकिटं औषधांच्या दुकानातून आधीच आणून ठेवा.

दोन दिवस उलटले की: रोत नाम

‘रोत नाम’ म्हणजे पाण्याची गाडी. आपला टँकर. पुखेतसारख्या बेटांवर उन्हाळ्यात या गाड्या रोज दिसतात. समुईला तर पाणी मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या पाइपानेही येतं. गाडी दोन प्रकारे येते. एक सरकारी: गावाचं किंवा नगराचं ऑफिस (‘ओबोतो’ किंवा ‘थेसाबान’, देशपाल याच शब्दाचं थाई रूप) टंचाईत फुकट वाटप करतं, पण आधी नाव द्यावं लागतं. दुसरी खासगी, फोन केल्यावर पैसे घेऊन येणारी. क्रमांक शेजाऱ्याकडे किंवा बांधकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो.

फोन करताना तीन गोष्टी ठरवा. पाणी कुठलं: ‘नाम प्रपा’ की ‘नाम बादान’? बादान म्हणजे बोअरचं. धुण्याला ठीक, पण लोहाचं असेल तर पांढरे कपडे पिवळे होतात. गाडीचा पाइप किती लांब. आणि तुमची साठवण किती. गाडीत हजारो लिटर असतं आणि तुमच्याकडे दोन बादल्या असतील तर ड्रायव्हर वाट पाहणार नाही. आम्ही शेजारच्या तीन घरांनी मिळून एक गाडी घेतली, ती पलीकडच्या ‘पा’च्या अंगणातल्या रांजणांत आणि आमच्या लहान मुलांच्या फुगवायच्या पोहण्याच्या टबात उतरवली. पा म्हणजे मोठी मावशी. वयाने मोठ्या शेजारणीला असंच हाक मारतात. तिच्या अंगणात ‘ओंग’ आहेत, मातीचे लखलखीत तपकिरी रांजण, अंगावर ड्रॅगन. राचाबुरीला हे बनतात. कॉलनीतल्या बाकी घरांनी ते शोभेला ठेवून त्यात कमळं लावली होती. ‘पा’चे मात्र पाण्याने भरलेले होते.

साठवलेल्या पाण्यावर झाकण हवंच. थायलंडमध्ये डेंगी आहे, आणि त्याचा डास नेमका असल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. झाकण नसेल तर जुनं सुती कापड ताणून दोरीने बांधा. वापरायच्या पाण्यात ‘साय अबेत’ नावाची औषधी वाळू टाकतात, १० लिटरला १ ग्रॅम. गावातले आरोग्य स्वयंसेवक ती वाटतात. आणि घरात रांगतं मूल असेल तर पिंप अर्धं असो की भरलेलं, त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

पाणी आल्यावर घाई नको

पहिलं पाणी चहासारखं येतं. पाइपात बसलेला गाळ आणि गंज हवेच्या धक्क्याने सुटतो. तेव्हा आधी बाहेरचा, मीटरजवळचा नळ उघडा आणि पाणी निवळेपर्यंत झाडांना सोडा. मग नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून घरातले नळ. फिल्टर, वॉशिंग मशीन आणि हीटर सर्वांत शेवटी. पंपात हवा अडकली असेल तर त्याच्या वरच्या बुचातून तांब्याभर पाणी ओतून मगच ब्रेकर चढवा. आणि रिकामी झालेली भांडी तशीच उपडी घालू नका. पाणी परत गेलेलं मी दोनदा पाहिलंय. दोन दिवस भरूनच ठेवा.

पुढचं घर बघताना

आम्ही वर्षभराने घर बदललं. या वेळी खोल्यांआधी मी मागच्या अंगणात गेले. हवी ती मांडणी अशी: मीटरमधून पाणी आधी टाकीत, टाकीला बॉलकॉक (‘लूक लॉय’), टाकीनंतर पंप. पंप थेट सरकारी पाइपाला जोडणं इथं नियमाविरुद्ध आहे, आणि धोक्याचंही; दाब कमी असताना तो फुटक्या जागांमधून बाहेरची घाण ओढतो. शेजारून एक बायपासची चावी असावी, म्हणजे वीज गेली तरी नळाच्या स्वतःच्या दाबाने खालच्या मजल्याला पाणी मिळतं. टाकीखाली पक्का काँक्रीटचा ओटा हवा, कारण १,००० लिटर म्हणजे पाण्याचंच वजन एक टन.

टाकी नसेल तर मालकाला सही करण्याआधीच सांगा. आधी ते खर्च वाटून घेतात, नंतर हसतात. विचारायचं वाक्य सोपं आहे: ‘मी थांग नाम माय?’ पाण्याची टाकी आहे का? इथला ‘माय’ म्हणजे ‘का’, मघाचा ‘नाही’वाला नव्हे, फरक फक्त सुराचा, आणि तो चुकला तरी मालक समजून घेतो. ‘मी’ असं उत्तर आलं तर आहे. मग लगेच विचारा, ‘की लित?’ किती लिटर?